मुळ्याच्या बियांचं पाणी आणि केळीच्या फणीची मान : जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

१२ जून

गाव चोपडा तालुक्यात, तापीपासून चार किलोमीटर. घरची केळी साडेतीन एकर, सगळी ग्रँड नैन. फणी घडाच्या दांड्यापासून कापतो ती जागा सगळ्यात आधी काळी पडते. व्यापारी त्याला क्राउन रॉट म्हणतात. मी इथून पुढे त्या जागेला ‘मान’ म्हणेन. मान काळी पडते, मऊ होते, त्यावर पांढुरकी बुरशी येते आणि मग एकेक केळं देठातून गळतं. गेल्या भाद्रपदात एका गाडीवर असंच झालं. बागेतून माल हिरवागार गेला होता. सहाव्या दिवशी फोन आला आणि हिशोबात मोठी कपात दिसली. आबा त्यावर आजही बोलत नाहीत, म्हणजे राग गेलेला नाही.

बुरशीनाशकात मान बुडवतात हे माहीत आहे. मला वेगळं करून बघायचं होतं: झाडांचंच प्रोटीन मानेला लावायचं. झाडं स्वतःच्या बचावासाठी काही प्रोटीन तयार करतात. कायटिनेज बुरशीच्या भिंतीतलं कायटिन तोडतं, ग्लुकानेज त्याच भिंतीतलं ग्लुकान तोडतं, आणि डिफेन्सिन नावाची अगदी छोटी प्रोटीनं बुरशीच्या पेशीच्या पडद्यावर जाऊन बसतात. केळ्याच्या गरातही कायटिनेज भरपूर असतं. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना केळं चालत नाही, त्यामागे हीच मंडळी आहेत. पण केळ्यातून ते काढायचं म्हणजे चिकाशी आणि गोडाशी मारामारी. म्हणून मुळ्याचं बी निवडलं. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या प्रयोगशाळेने १९९२ साली मुळ्याच्या बियांतून दोन डिफेन्सिन वेगळी केली. १९९५ साली त्यांनीच दाखवलं की बियांचं साल फाटलं की ती बाहेर झिरपतात आणि कोंबाभोवती बुरशीला फिरकू देत नाहीत. हे घरी बघता येईल असं वाटलं.

१५ जून

खळ्यातली खोली रिकामी केली. बुरशी घरात वाढवायची नाही ही मायची अट, आणि ती बरोबरच आहे. बुरशी वाढवायच्या प्लेटसाठी बटाट्याचं माध्यम, म्हणजे बुरशीचं खाणं, केलं: लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचं उकडलेलं पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज, १५ ग्रॅम अगर-अगर. कुकरमध्ये शिट्टी आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं. प्लेटी काचेच्या, सेकंडहँड.

दहापैकी सात प्लेटी दोन दिवसांत हिरव्या-काळ्या झाल्या, आणि तेही मी काही लावण्याआधी. पंखा चालू ठेवून ओतल्या होत्या. पंखा बंद, दार बंद, शेजारी स्पिरिटचा दिवा, अंगात घामाची अंघोळ: दुसऱ्या खेपेला दहातल्या दोनच गेल्या. जूनमध्ये आमच्याकडे पंख्याशिवाय बसणं काय असतं ते खान्देशातल्याला सांगायला नको.

१९ जून

सडलेल्या मानेच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा ब्लीचच्या पाण्यात मिनिटभर बुडवून, धुऊन प्लेटवर ठेवला. दोन प्रकारच्या बुरशी आल्या. एक करडी, मग काळी, तीन दिवसांत अख्खी प्लेट व्यापणारी. दुसरी सावकाश वाढणारी, मधोमध नारिंगी-गुलाबी ठिपके. कॉलेजच्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं: पहिली लॅसिओडिप्लोडिया, दुसरी कोलेटोट्रिकम मुसी. सर म्हणाले, “फ्युजेरियमही असणार, फक्त तुझ्या प्लेटवर आलेली नाही.” मी पुढचं सगळं दुसरीवर केलं, कारण पहिली इतक्या वेगाने पळते की काही मोजताच येत नाही.

२२ जून

कृषी केंद्रातून मुळ्याच्या बियांचं पाकीट आणलं. बी सुईने टोचून बुरशीच्या प्लेटवर ठेवलं.

२६ जून

झालं! प्रत्येक बियाभोवती बोटभर स्वच्छ गोल. बुरशी कडेने येते आणि थबकते. रात्री अकराला आबांना उठवून दाखवलं. ते म्हणाले, “बरं शे. आते झोप.” मी चार मित्रांना फोटो पाठवले. हे फोटो मला अजून छळतात.

२ जुलै

पुतण्या खळ्यात आला होता. “काका, मीपण लावू?” म्हणून त्याने घरात पडलेलं भेंडीचं बी एका प्लेटवर ठेवलं, न टोचता. मी नको म्हणालो नाही. आज त्या भेंडीभोवतीही गोल आहे, मुळ्यापेक्षा मोठा.

भेंडीत मुळ्याचं डिफेन्सिन कुठून येणार? दोन्ही पाकिटं उचलली. दोन्ही बिया गुलाबी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं: थायरमची प्रक्रिया केलेली, खाण्यासाठी वापरू नये. थायरम म्हणजे बुरशीनाशक. सहा दिवस मी बुरशीनाशकाचा गोल बघून नाचत होतो.

खात्रीसाठी न टोचलेलं मुळ्याचं बी ठेवलं, आणि बी दहा मिनिटं भिजवलेल्या गुलाबी पाण्याचा थेंब एका प्लेटवर टाकला. दोन्हीकडे गोल. विषय संपला. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांनी पहिल्याच दिवशी न टोचलेलं बी शेजारी ठेवावं. मी ठेवलं असतं तर दहा दिवस वाचले असते आणि चार मित्रांसमोर तोंड लपवावं लागलं नसतं.

१० जुलै

प्रक्रिया न केलेलं बी शोधण्यात आठवडा गेला. शेवटी नदीकाठी भाजी करणाऱ्या एका आजींकडे मिळालं. त्या मुळा उपटून संपवत नाहीत, काही तसाच सोडतात, डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, भाजीला विकतात आणि राहिलेल्या वाळवून बी धरतात. सव्वा किलो दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, “इतलं बी काय करशी रे भाऊ, पेरशी का पिशी?” दोनशे रुपये हातात ठेवले, त्यांनी पन्नास परत केले.

आजींच्या बियांची प्लेट: न टोचलेल्या बियाभोवती काही नाही. टोचलेल्या बियाभोवती गोल आहे, पण दोन-तीन मिलिमीटरचा. थायरमच्या गोलासमोर तो केविलवाणा दिसतो. पण हा खरा आहे.

२१ जुलै

बी दळायचं. घरचा मिक्सर वापरला, २५० ग्रॅम. मुळ्याच्या बियात मोहरीसारखा झणका असतो. भांडं तीन वेळा घासलं तरी गेला नाही. माय म्हणाली, “आते मिक्सरमा चटणी कशी वाटू मी?” नवं भांडं, ६५० रुपये. जुनं माझं झालं.

हा झणकाही बुरशीला मारक असतो, म्हणजे थायरमनंतर हा दुसरा चकवा. पण तो उडून जाणारा आहे आणि डिफेन्सिन उष्णता सोसतं. चार सल्फर-पूल त्याला आतून घट्ट बांधून ठेवतात, म्हणून ८० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवलं तरी ते टिकतं, बाकीची बरीचशी प्रोटीनं दह्यासारखी गोठून खाली बसतात आणि झणकाही निघून जातो. एका कामात दोन कामं.

२३ ते २९ जुलै

पीठ एक लिटर थंड पाण्यात, सहा ग्रॅम मीठ घालून दोन तास ढवळलं. पंच्यातून गाळलं. रात्रभर फ्रिजमध्ये. वर तेलाचा थर आला, तो चमच्याने काढला. मग अमोनियम सल्फेट. इतकं मीठ विरघळलं की प्रोटीनला पाणी उरत नाही आणि ते खाली बसतं. लिटरला ४७० ग्रॅम, थोडं थोडं टाकत. मी खताच्या दुकानातलं घेतलं, स्वस्त म्हणून. पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि तळाशी वाळू. ते सगळं फेकलं, २५० ग्रॅम बियांसकट. दुसऱ्या वेळी लॅबचं शुद्ध आणलं, ५०० ग्रॅमला ३८० रुपये. पांढरट साका बसला.

प्रोटीन आहे का हे बघायला शाळेतली परीक्षा केली: मोरचूद आणि कॉस्टिक सोडा, जांभळा रंग आला की प्रोटीन. आला तो गडद निळा, शाईसारखा. वाटलं, वा, केवढं भरलंय! सरांना फोटो पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर: “निळा रंग अमोनियाचा आहे.” साक्याला चिकटलेलं अमोनियम सल्फेट मोरचूदाशी निळं होतं आणि खालचा जांभळा झाकून टाकतं. म्हणजे आधी मीठ काढा, मग परीक्षा करा.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई, आमची खान्देशातली श्रावणातली देवी, घरात बसली. घरात रोटांचं दळण, पाहुणे, फ्रिजमध्ये माझ्या बाटल्यांना जागा नाही. बाटल्या शेजारच्या काकांच्या फ्रिजमध्ये. त्या रात्री त्यांच्याकडची लाइट पाच तास गेली. सोमवारी विसर्जन करून परत येईतो एका बाटलीला वास सुटला होता. ओतून दिली.

९ ऑगस्ट

मीठ काढायचं म्हणजे डायलिसिस. सेलोफेनसारखी नळी असते, तिच्यात प्रोटीनचं पाणी भरून दोन्हीकडे गाठ मारायची आणि भांडंभर पाण्यात सोडायची. मीठ बारीक छिद्रांतून बाहेर जातं, प्रोटीन आत राहतं. नळी मागवली, १२ ते १४ किलोडाल्टनची, म्हणजे एवढ्या वजनाहून लहान रेणू बाहेर सोडणारी. सगळीकडे तीच मिळते आणि तीच परवडते. दोन दिवसांत सहा वेळा पाणी बदललं.

आतलं पाणी प्लेटवर टाकलं. काहीच नाही. बुरशी थेंबावरून चालत गेली.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग उघड्या डोळ्यांनी समोर दिसत होतं ते दिसलं. मुळ्याचं डिफेन्सिन ५१ अमिनो आम्लांचं, साधारण ५ किलोडाल्टन. नळीचं छिद्र त्याच्या दुपटीहून मोठं. मी दोन दिवस प्रोटीन टबात सोडत होतो आणि ते पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घालत होतो. कढीपत्ता मजेत आहे.

२४ ऑगस्ट

पोळ्यामुळे दोन दिवस काम बंद. बैल आता एकच जोडी, पण सजवायला लागते ती लागतेच.

२ किलोडाल्टनची नळी हवी होती. किंमत बघून मागवायचं धाडस झालं नाही. सरांनी कॉलेजच्या कपाटातून हातभर तुकडा दिला, वापरून धुऊन परत करायच्या बोलीवर. यावेळी पावसाचं पाणी वापरलं, पत्र्यावरून धरलेलं आणि उकळून गाळलेलं. कशासाठी ते पुढे कळेल. तेव्हा तर फक्त पाणी हाताशी होतं म्हणून वापरलं.

३१ ऑगस्ट

मोरचुदाचा रंग यावेळी जांभळा आला, फिकट पण जांभळा. हिरड्याच्या काढ्याचे दोन थेंब टाकले तर पाणी गढूळ झालं. टॅनिन प्रोटीनला धरून बसतं, त्याची ही घरगुती खूण. प्लेटवर थेंबाभोवती चार मिलिमीटरचा गोल. शेजारी डायलिसिसच्या शेवटच्या पाण्याचा थेंब, गोल नाही. या वेळी कुणालाही फोटो पाठवला नाही.

२५० ग्रॅम बियांतून हाताशी आलं १८० मिलिलिटर पाणी.

५ सप्टेंबर

पहिला प्रयोग फण्यांवर. १८० मिलिलिटर पुरणार नाही म्हणून बोअरच्या पाण्याने तिप्पट केलं आणि ब्रशने माना रंगवल्या. दहा फण्या रंगवलेल्या, दहा तशाच. खोलीतच ठेवल्या, कुलर लावून.

१२ सप्टेंबर

रंगवलेल्या दहातल्या सात काळ्या, तशाच ठेवलेल्या दहातल्या सात काळ्या. अगदी सारखं.

आधी वाटलं पातळ जास्त झालं. प्लेटवर दोन थेंब ठेवले: एक पावसाच्या पाण्याने तिप्पट केलेला, एक बोअरच्या. पावसाच्या थेंबाला गोल लहान झाला होता पण होता. बोअरच्या थेंबाला काहीच नाही.

आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा खेळ. मुळ्याच्या डिफेन्सिनची ताकद या दोघांसमोर उतरते. त्याच्या अंगावर धन भार आहे, त्यावरच ते बुरशीला धरतं, आणि जड पाण्यातले धन आयन ती जागा आधीच अडवतात. म्हणजे चांगलं बी, चांगलं सल्फेट, सरांची नळी, सगळं करून शेवटच्या पावलाला मीच बोअरच्या नळाखाली बाटली धरली.

तापीकाठच्या आमच्यासारख्या जड पाण्याच्या पट्ट्यात कुणी हे करत असेल तर पावसाचं पाणी धरून ठेवा, नाहीतर बॅटरीत घालायचं पाणी घ्या.

१४ सप्टेंबर

दुसरी खेप. पातळ केलं नाही. घाई इतकी की फणी कापली की लगेच ब्रश. मानेतून चीक वाहत होता. अर्ध्या तासात सगळ्या मानांवर तांबूस गुठळ्या जमल्या, नखाने काढल्या तर पापुद्र्यासारख्या निघाल्या. हिरड्याच्या काढ्याने बाटलीत जे केलं तेच इथे चिकाने केलं असणार. केळीच्या चिकात टॅनिन असतंच. प्रोटीन मानेत शिरण्याऐवजी वरच गोठलं.

पॅकहाउसमध्ये चीक काढायला फण्या तुरटीच्या पाण्यात टाकतात. म्हणून उरलेलं थोडं तुरटीच्या पाण्यात मिसळून बघितलं. फाटलेल्या दुधासारखं झालं. तेही गेलं.

नुसतंच लिहून ठेवतो: मधल्या काळात शेवग्याच्या बियांचंही करून बघितलं. त्यातही कायटिनला धरणारं प्रोटीन आहे, तेही उष्णता सोसतं, आणि शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं हे सगळ्यांना ठाऊक. पण माझ्या प्लेटवर मुळ्यासमोर ते मागे पडलं, आणि माझ्याकडे एकच नळी. सोडलं.

२७ सप्टेंबर

तिसरी खेप, शेवटच्या ४०० ग्रॅम बियांची. यावेळी कागदावर लिहून मगच हात लावला.

ओळखीच्या एका पिकवणी केंद्रात १३.५ अंशांच्या खोलीत कोपरा मिळाला. त्याखाली नेलं तर सालीला थंडी बाधते, काळी रेघ येते. तीन गट, प्रत्येकी बारा फण्या, एकाच दिवशी, एकाच बागेतल्या. पहिला गट कापणीवाल्यांच्या नेहमीच्या विळ्याने, काही न लावता. दुसरा, प्रत्येक फणीआधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून पुसलेल्या चाकूने कापलेला, मान सपाट, चीक गळू दिला अर्धा तास, पावसाच्या पाण्याने धुऊन सुकवली. तिसरा, अगदी दुसऱ्यासारखाच, वरून प्रोटीनचा ब्रश. कापल्यापासून दोन तासांच्या आत, कारण बुरशी एकदा मानेत उतरली की वरचा लेप तिला काही करू शकत नाही.

कापणीवाले आप्पा माझा ब्लीचचा मग बघून हसले. म्हणाले, “डॉक्टर व्हयी गया भाऊ.” त्यांचा विळा मी प्लेटवर टेकवला होता, ते त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर विळ्याच्या धारेचा आकार उमटला होता, बुरशीचा, टोकापासून मुठीपर्यंत.

११ ऑक्टोबर

चौदा दिवस झाले. काळी किंवा मऊ मान: पहिल्या गटात बारातल्या नऊ, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात दोन.

मोजल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. प्रोटीनने तीन माना वाचवल्या. चाकू पुसणं, चीक गळू देणं आणि धुणं यांनी मिळून चार.

१६ ऑक्टोबर

फण्या इथिलीन देऊन पिकवल्या. चार दिवसांनी पिवळ्या झाल्यावर पुन्हा मोजल्या: अकरा, आठ, सहा. पिकताना केळं स्वतःच ढिलं पडतं, आणि कोलेटोट्रिकम बागेतच सालीत दबा धरून बसलेलं असतं, पिकण्याची वाट बघत. त्याला मानेवरचा लेप काय करणार? बारा फण्यांत दोन-तीनचा फरक म्हणजे नशीबही असू शकतं; अजून दोन खेपा झाल्याशिवाय मी कुणाला आकडा सांगणार नाही.

हा माल बाजारात गेला नाही. बुरशी मारायचं म्हणून काही विकायचं किंवा विकायच्या मालाला लावायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. शिवाय मुळा-मोहरीच्या बियांत काहींना जोराची ॲलर्जी देणारी प्रोटीनंही असतात आणि तीही उकळून जात नाहीत. माझ्या बाटलीत ती नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. केळी घरात आणि गोठ्यात संपली.

१९ ऑक्टोबर

आबांनी विचारलं, “याले कितला पैसा लागनात?” म्हणून वही काढली. प्लेटी आणि अगर १,४५०. मिक्सरचं भांडं ६५०. अमोनियम सल्फेट, वाया गेलेलं धरून, १,९००. चुकीची नळी १,२००. बी १५०, थायरमवाली दोन पाकिटं ९०. स्पिरिट, ब्लीच, मोरचूद, कॉस्टिक, बॅटरीचं पाणी मिळून ५२०. एकूण ५,९६०, पेट्रोल सोडून. वाचवलेल्या तीन मानांनी भागलं तर एका मानेला जवळजवळ दोन हजार.

आबा ऐकून काही बोलले नाहीत. पण आज सकाळी कापणी होती, आणि बांधावर ब्लीचचं पाणी भरलेल्या दोन बादल्या ठेवलेल्या दिसल्या. आप्पांच्या हातात दोन विळे होते, एक बुडवलेला, एक चालू.

२६ ऑक्टोबर

सरांची नळी धुऊन परत दिली. फ्रिजमध्ये ६० मिलिलिटर उरलं आहे. महिन्याने त्याचा गोल मोजायचा, टिकतं का बघायला. मायने बाटलीवर स्वतःच्या हाताने ‘ताक नाही’ अशी चिठ्ठी लावली आहे.

विहिरीशेजारी दोन वाफे मुळा टाकला. आजींकडचंच बी, बाजूला ठेवलेलं मूठभर. निम्मा भाजीला, निम्मा डिंगऱ्यांसाठी सोडायचा.